तुम्हाला रडू आलं, त्यांना झोप लागली

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंटरस्टेलर’ पुन्हा थिएटरात लागला, तेव्हापासून या सदराकडे त्याच एका सिनेमाबद्दल पत्रं येताहेत आणि अजून थांबलेली नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा मी नोकरीत होते. नागपुरातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मी फिजिक्स शिकवलं. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये जी भांडणं झाली, तीच आता तुमच्या पत्रांत वाचते आहे. म्हणून हे पूर्ण पान त्याच पत्रांना.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पृथ्वीवर एकेक पीक कायमचं संपत चाललंय, सगळीकडे धूळ उठते आहे. अशा वेळी दोन मुलांचा बाप असलेला एक पायलट माणसांसाठी दुसरा ग्रह शोधायला निघतो. वाटेत एका प्रचंड कृष्णविवराजवळच्या (उजेडालाही बाहेर न सोडणाऱ्या जागेजवळच्या) ग्रहावर उतरावं लागतं. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं.

प्रश्न : आम्ही दोघं रात्रीच्या शोला गेलो. बाप मुलांचे निरोप पाहतो त्या सीनला माझे डोळे थांबेनात, आणि शेजारी हे झोपून राहिले होते! बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, ‘पोरीला सोडून गेलाच काहून तो?’ आठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा वाटलं की या माणसाला काही समजतच नाही. मी जास्त हळवी आहे, की हे कोरडे आहेत? (मनीषनगर)

ताई, तुमच्याच पत्रात पुढे आहे की त्यांची बुटीबोरीला पहिली पाळी असते आणि ते पहाटे साडेचारला उठतात. सिनेमा १६९ मिनिटांचा. रात्री साडेनऊचा शो, मध्ये इंटरव्हल. सुटेपर्यंत साडेबारा वाजून गेले असणार. त्या झोपेचा सिनेमाशी किंवा तुमच्याशी काही संबंध लावू नका.

पण त्यांच्या प्रश्नाकडे लक्ष द्या. ‘पोरीला सोडून गेलाच काहून’ हाच प्रश्न त्या सिनेमातली पोर विचारते. बाप निघतो तेव्हा ती त्याला निरोप देत नाही. पुढे वर्षानुवर्षं एक निरोप पाठवत नाही. पहिला पाठवते तो, बाप निघाला तेव्हा त्याचं जे वय होतं तेवढं तिचं झालं, त्या दिवशी. तुम्ही बापासाठी रडलात, तुमचे यजमान पोरीच्या बाजूने चिडले. त्यांना समजलं नाही असं मला तरी म्हणवत नाही.

आता त्या सीनबद्दल. ग्रहावर त्यांचे तीन तास आणि वर काही मिनिटं जातात. यानात परत येतात तर मागे थांबलेल्या सहकाऱ्याची दाढी पांढरी झालेली. तो सांगतो, तेवीस वर्षं, चार महिने, आठ दिवस. मग पायलट एकटा पडद्यासमोर बसतो आणि साठलेले निरोप सुरू करतो. मुलगा शाळा संपवतो, लग्न करतो, त्याला मूल होतं, ते जातं, आजोबा जातात. बापाच्या अंगावर तेच कपडे असतात.

काळ मंदावतो हे मी बीएस्सीच्या पोरांना दरवर्षी शिकवलं. फळ्यावर सूत्र, मग चार मार्कांचं गणित. एकाही वर्षी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, माझ्याही नाही. थिएटरात मात्र मला महालातलं आमचं माजघर दिसायला लागलं. माझा भाऊ १९८३ साली मस्कतला नोकरीला गेला. फोन परवडायचा नाही, म्हणून तो कॅसेट भरून कुणाबरोबर तरी पाठवायचा. आई टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन बसायची आणि त्याच्याशी बोलायची. तो म्हणायचा, ‘आई, इकडे उकाडा फार आहे,’ की ही म्हणायची, ‘डोक्याला काही बांधत जा रे.’ तोवर तो पुढच्या वाक्यावर गेलेला असायचा आणि तिच्या बोलण्यात त्याचं बोलणं बुडायचं. मग मी टेप मागे फिरवायची. ती पुन्हा तिथेच बोलायची. एका कॅसेटमध्ये तो म्हणाला होता, ‘बाबांना सांग, दिवाळीला येतो.’ कॅसेट आणणारा माणूस मुंबईत बरेच दिवस अडकला. ती आमच्या हातात पडली तेव्हा बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते.

माझ्या शेजारी आमच्याच विभागातले एक सर बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘सात वर्षांचा हिशेब जमतो का, घरी जाऊन करून पाहतो.’ मला तेव्हा त्यांचा राग आला. आज येत नाही. त्या सीनमधून सापेक्षता, म्हणजे गुरुत्वाने काळ मंदावण्याचं ते गणित, काढून घेतली तर रडण्यासारखं काही उरतच नाही. ते गणितच त्या बापावर कोसळतं. सर गणिताच्या अंगाने त्याच दारापाशी पोचले होते. हा सिनेमा जिथे जिथे हिशेब आणि अश्रू एकत्र ठेवतो तिथे मला तो फार मोठा वाटतो. जिथे ते दोन वेगळे करतो तिथे घसरतो. घसरण्याबद्दल पुढच्या पत्रात.

प्रश्न : होस्टेलवर या सिनेमावरून दोन पार्ट्या पडल्या आहेत. माझं म्हणणं, कृष्णविवरात पडला तर माणसाच्या शेवया होतील, हीरो जिवंत कसा? एका तासाला सात वर्षं हीसुद्धा थापच. आणि ती शास्त्रज्ञ बाई प्रेमाला मिती म्हणते तिथे मी हात टेकले. मित्र म्हणतात तुला दिलच नाही. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बजाजनगर)

बेटा, तुझ्या तक्रारीतला शेवटचा भाग मला पटतो, पहिले दोन नाही.

सात वर्षं ही थाप नाही. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांनी हा आकडा मागितला तेव्हा सल्लागार भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनाही तो अशक्य वाटला होता. मग त्यांनी गणित केलं. कृष्णविवर स्वतःभोवती कमाल शक्य वेगाच्या अगदी काठावर फिरत असेल, म्हणजे त्या वेगापेक्षा १०० लाख कोटींत एक भाग एवढंच कमी, तर ग्रह न तुटता इतका जवळ टिकू शकतो आणि काळ इतका मंदावतो. निसर्गात असं कृष्णविवर सापडणं फार कठीण, पण नियम मोडलेला नाही. आणि काळ मंदावायला कृष्णविवरच लागतं असंही नाही. तुझ्या होस्टेलच्या तळमजल्यावर एक घड्याळ ठेव आणि दहा मीटर वर तिसऱ्या मजल्यावर एक. वरचं घड्याळ किंचित पुढे जातं. एका सेकंदाचा फरक पडायला साधारण ३ कोटी वर्षं लागतील, पण फरक आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं तर रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात तुझ्या फोनवरचा पत्ता दहाएक किलोमीटरने चुकेल. सीताबर्डीला जायचं म्हणून निघशील आणि कुठे पोचशील बघ.

शेवयांचं म्हणशील तर लहान कृष्णविवराजवळ तुझं खरं आहे. क्षितिजापाशी, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही त्या सीमेपाशी, पोचण्याआधीच माणूस ताणून फाटेल. पण सिनेमातलं कृष्णविवर सूर्याच्या १० कोटी पट वस्तुमानाचं आहे. जितकं मोठं, तितका क्षितिजापाशी ताण कमी. ते क्षितिज ओलांडताना शरीराला तो ताण जाणवणारही नाही. त्यानंतर आत जे काही दाखवलंय, ती पुस्तकांची कपाटं वगैरे, ती कल्पना आहे आणि तिथे तुला चिडायचा हक्क आहे.

उलट जिथे सिनेमावाल्यांनी मुद्दाम विज्ञान सोडलं ती जागा तुमच्या दोन्ही पार्ट्यांना दिसलेली नाही. कृष्णविवराभोवतीची ती तेजस्वी चकती दोन्ही बाजूंना सारखी उजळ दाखवली आहे. प्रत्यक्षात जी बाजू आपल्याकडे येते ती जास्त उजळ दिसायला हवी. ते गणितही त्यांनी केलं होतं, पण प्रेक्षक गोंधळेल म्हणून पडद्यावर ठेवलं नाही, आणि हे त्यांनी स्वतःच २०१५ च्या शोधनिबंधात लिहून ठेवलं. एप्रिल २०१९ मध्ये एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची खरी प्रतिमा आली, तिच्यात खालची बाजू ठळक उजळ आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा.

प्रेमाच्या संवादाबद्दल. पुन्हा पाहशील तेव्हा ती बाई ते कधी बोलते याकडे लक्ष दे. दोनपैकी कोणत्या ग्रहावर जायचं यावर चर्चा चालू आहे, एका ग्रहावर तिचा माणूस आहे, आणि ती सहकाऱ्यांना पटवायचा प्रयत्न करते आहे. तिचं म्हणणं फेटाळलं जातं. म्हणजे ते विज्ञान म्हणून मांडलेलंच नाही, एका घाबरलेल्या माणसाचं बोलणं आहे. पण शेवटाकडे सिनेमा स्वतःच ते खरं करून दाखवतो. त्याला आपल्या गणितावर तेवढ्यापुरता भरवसा राहिला नाही, आणि तिथेच तो मला घसरलेला वाटतो. एवढं बोललास म्हणून तुला दिल नाही असं कुणी म्हणू नये. तुझी अपेक्षा उंच होती, म्हणून तुला लागलं.

एक अजून. हेच किप थॉर्न गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगो प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी. त्यासाठी २०१७ चं नोबेल त्यांना राईनर वाइस आणि बॅरी बॅरिश यांच्याबरोबर मिळालं. त्याच जातीची भारतातली वेधशाळा मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले. तुझ्यासारखी हिशेब तपासणारी पोरं तिथे लागणार आहेत.

प्रश्न : रेल्वेतून रिटायर झालो, वय ७४. नातवाने हौसेने नेलं. त्याने तो सिनेमा पाच वेळा पाहिलाय. मला खरं सांगायचं तर अर्धं ऐकू नाही आलं आणि उरलेलं समजलं नाही. नातू विचारतो, कसा वाटला? मी ‘छान’ म्हणून टाकलं. म्हातारपणी हे नवं कुठून समजायचं? (अजनी)

काकाजी, कानांचा दोष नाही. २०१४ मध्ये जगभरच्या प्रेक्षकांनी हीच तक्रार केली होती की संगीताच्या आवाजात बोलणं बुडतं. नोलन यांनी तेव्हाच सांगितलं की काही ठिकाणी संवाद त्यांनी मुद्दाम नुसत्या आवाजासारखे वापरले आहेत. मला ते आवडलेलं नाही. माणूस मरताना महत्त्वाचं काही सांगतो आहे आणि आपल्याला ऐकू येत नाही, हा प्रेक्षकावर अन्याय आहे.

आणि नवं म्हणाल, तर हे नवं नाही. एप्रिल १९६८ मध्ये, माणूस चंद्रावर उतरायच्या सव्वा वर्ष आधी, ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ आला. पहिला संवाद ऐकायला प्रेक्षकाला सुमारे पंचवीस मिनिटं थांबावं लागत होतं. पहिल्याच खेळांना लोक उठून गेले. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी प्रदर्शनानंतर त्यातली १९ मिनिटं कापली. तरुण पोरांनी मात्र तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि चालवला. तुम्ही तेव्हा सतरा-अठराचे असाल, म्हणजे त्या पोरांच्याच वयाचे.

आपल्याकडे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा: जयंत विष्णू नारळीकर. नावाकडे पाहून नंबर मिळू नये म्हणून त्यांनी टोपणनावाने पाठवली होती. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा मी ती कथा पुन्हा काढून वाचली. कृष्णविवराजवळ काळ रेंगाळतो, ही गोष्ट मराठी वाचकाला या सिनेमाच्या चाळीस वर्षं आधी मराठीत वाचायला मिळाली होती. तुमच्या वाचनात आली नसेल, तर नातवाला सांगा, वाचनालयातून आणून तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला.

तुमची सगळी नोकरी घड्याळावर गेली. १९०६ च्या आधी आपल्या देशात रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची आणि मुंबई आपली वेगळी वेळ पाळायची, हे तुम्ही मला सांगाल. दोन ठिकाणी दोन घड्याळं आणि दोन्ही बरोबर, ही कल्पना तुम्हाला नातवापेक्षा लवकर उमगेल. त्याला ‘छान’ म्हणू नका. ‘समजला नाही, तू सांग’ म्हणा. पाच वेळा पाहिलाय त्याने, त्याला सांगायला कुणीतरी हवंच आहे.

प्रश्न : मी संत्रा बागायतदार. लेकीने हट्टाने नेलं. लोक म्हणतात पहिला तास रटाळ; थिएटरात पोरं मोबाइल पाहून राहिली होती. मला तोच तास खरा वाटला. पुढचं आकाशातलं काही मनाला लागलं नाही. मी चुकीचं पाहिलं का? (काटोल)

भाऊ, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. डिंक्याने बाग गेली, बुंध्यांना चिरा पडून डिंक ओघळत होता, मग तुमच्या वडिलांनी झाडं तोडून जाळली आणि ते संध्याकाळपर्यंत धुऱ्यावर बसून राहिले, हे तुम्ही अगदी शेवटी, दोन ओळींत लिहिलंय. सिनेमात एक वाक्य आहे: शेजारी अख्खं पीक पेटवून देतोय, भेंडीचं हे शेवटचं पीक, यापुढे भेंडी नाही. थिएटरात माझ्या मागच्या रांगेत ‘भेंडी’ ऐकून कुणीतरी हसलं होतं. तुम्ही हसला नसणार.

पहिल्या तासात ताटं कशी मांडली आहेत, पाहिलंत का? पालथी. जेवायला बसेपर्यंत उलटी करत नाहीत, कारण धूळ बसते. मे महिन्यात वावटळ उठायची तेव्हा आमच्या आजीच्या घरी ताटल्या-वाट्या अशाच पालथ्या असायच्या आणि माठावर ओलं फडकं. ती ताटं कुठल्या पटकथालेखकाने बसल्या जागी सुचवलेली नाहीत. १९३० च्या दशकात अमेरिकेत मैदानी प्रदेशातली शेतजमीन वर्षानुवर्षं धूळ होऊन उडाली, ते दिवस भोगलेल्या लोकांच्या आठवणींतून ती आली. सुरुवातीला वृद्ध माणसं कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात, त्यांतली एक नटी सोडली तर बाकीची खरी माणसं आहेत. त्या धुळीवरच्या २०१२ च्या माहितीपटातल्या मुलाखती तशाच्या तशा घेतल्या आहेत. आणि मक्याचं ते शेत कॅनडात कॅलगरीजवळ या सिनेमासाठी खरोखर पेरलं होतं, सुमारे ५०० एकर.

तुम्ही चुकीचं पाहिलं नाही. मी तुमच्या पुढे जाऊन तक्रार करते. हा सिनेमा माती फार लवकर सोडतो. रोग पडलाय, पिकं चालली आहेत, आणि सगळी बुद्धी यान बांधायला लागते. पिकावर उपाय शोधणारं माणूस एखाद्या क्षणापुरतं दिसतं आणि जातं. आपल्या नागपुरात लिंबूवर्गीय फळांची एक आणि कापसाची एक, अशा दोन केंद्रीय संशोधन संस्था आहेत. तिथे बुरशी आणि अळी यांच्यावर आयुष्य घालवणारी माणसं आहेत. त्यांच्यातलं एखादं त्या घरात, त्या पालथ्या ताटांसमोर बसलेलं मला पाहायचं होतं. ज्याला आकाशाची ओढ आहे त्याला पुढचे दोन तास मिळाले. तुम्हाला जे हवं होतं ते सिनेमाने दाखवायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. मन न लागायला एवढं कारण पुरेसं आहे.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे, दाखवू का? (प्रतापनगर)

दाखवा, पण घरी आणि दोन दिवसांत. पाण्याच्या ग्रहावरची लाट येते तिथे तो घाबरेल, जवळ बसा. निरोपांचा सीन संपला की बंद करा आणि त्याला प्रश्न विचारू द्या.

प्रश्न : मी नववीत आहे. मला सिनेमा फार आवडला पण दादा म्हणतो ते सगळं कॉम्प्युटरवर केलेलं आहे. खरं कृष्णविवर नागपुरातून दिसतं का? (नंदनवन)

कृष्णविवर स्वतः कुणालाच दिसत नाही, बाळा, पण ते कुठे आहे तिकडे बोट दाखवता येतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचं एक आहे. मे २०२२ मध्ये त्याचीही प्रतिमा आली. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणात एकदा जाऊन ये, म्हणजे राशी ओळखायची सवय होईल.

मग मेच्या मध्यावर, गच्चीवर झोपता तेव्हा, रात्री दोन-अडीचला उठ आणि दक्षिणेकडे तोंड कर. क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंतच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर वृश्चिकाची वाकडी नांगी दिसेल. नांगीच्या टोकापासून थोडं वर आणि जरा डावीकडे, धनु राशीच्या कडेला, ती जागा. तिथे डोळ्यांना काहीच दिसणार नाही. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे सव्वीस हजार वर्षं लागतात. शहराच्या दिव्यांमुळे नांगी सापडली नाही तर आजीला उठव. जुन्या माणसांना आकाशातला विंचू ठाऊक असतो.